पन्नासपर्यंत घडाघडा म्हणते, पण "किती?" विचारलं की अडते. मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नाशिकला, इंदिरानगरला असतो. मुलगी साडेचार वर्षांची, मराठी शाळेत छोट्या गटात आहे. एक ते पन्नास न अडखळता म्हणते (एकोणतीसला "वीस नऊ" म्हणते, तेवढं सोडलं तर). पाहुणे आले की आजी म्हणायला लावते, सगळे कौतुक करतात. मीही करायचे.

परवा द्राक्षं आणली. घडातून सुटलेले मणी तिने ताटलीत ओळीने मांडले आणि एकेकावर बोट ठेवत मोजले. सात, अगदी बरोबर. मी विचारलं, "मग किती मणी आहेत?" तर पुन्हा एकपासून सुरुवात. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तसंच. "आजोबांना पाच दे" म्हटलं तर मूठ भरून दिली. दोन मागितले की दोनच देते, तीनही देते. तेच सात मणी जरा लांब लांब मांडले तर म्हणाली, "आता जास्त झाले." त्या रात्री मला झोप लागली नाही.

शाळेतून निरोप येतो की लिखाण मागे आहे, रोज एक पान अंक काढून घ्या. तीन उलटा काढते, त्याचा सहा होतो, मग खोडरबर आणि रडारड. शेजारी अबॅकसचा क्लास आहे, ते म्हणतात चार वर्षांपासून घेतो. तिचे बाबा म्हणतात घालू या. मला पटत नाही, पण ठामपणे नाही म्हणायला हातात काही नाही. तिचं खरंच मागे पडतंय का? घरी नेमकं काय करू?

प्रतिसाद १
ताई, आधी शांत व्हा. मी पंचवटीत बावीस वर्षं बालवाडी घेतली. तुमची मुलगी मोजायला शिकते आहे, फक्त अजून वाटेत आहे. आकडे क्रमाने म्हणणं एक, एका वस्तूला एकच आकडा देणं दुसरं, आणि शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या हे कळणं तिसरं. पहिली दोन तिला येतात. तिसरं सगळ्यात अवघड. कुणाला साडेतीनला उमजतं, कुणाला पाच उजाडतात. लांब मांडल्यावर "जास्त" वाटणं तर या वयात अगदी नेहमीचं, त्याची काळजी नको.

तिला तीनपर्यंत पक्कं आहे ना, मग चारावर थांबा. पन्नासची घाई कशाला? मोजून झालं की लगेच सगळ्यावरून हात फिरवून म्हणा, "एक, दोन, तीन, चार. चार पोळ्या!" जेवायला किती जण ते विचारा आणि वाट्या तिलाच मांडू द्या. एक कमी पडली तर तुम्ही सांगू नका, तिला दिसू द्या. पुठ्ठ्यावर दहा घरांची सरळ पट्टी काढून फाशाने खेळा, सापशिडीची शंभर घरं फार होतात. पंचवटीत आणा तिला, पाच वड मोजायला.

"वीस नऊ"बद्दल रागावू नका. आपल्या मराठीत पंचविसात पाच आधी येतो, एकोणतिसात तीस ऐकू येतात, मोठीही गोंधळतात. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" छापलं तेव्हा केवढा वाद झाला होता! तुमच्या लेकीने ते आपलं आपण शोधलंय.

पानभर अंक काढायला बोटांत अजून जोर नसतो. सध्या रांगोळीत, पिठात गिरवू द्या. क्लास मुळीच नको. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, वेळ आहे.

धागाकर्ती
मनापासून आभार, तुमचा प्रतिसाद तिच्या बाबांनाही वाचायला दिला. क्लासचं थांबवलंय. दोन आठवडे वाट्या तीच मांडते. काल आजोबांची वाटी राहिली, तेव्हा ताटांकडे बघून स्वतःच म्हणाली, "अजून एक." चार मणी मागितले तर चारच दिले. पाचाला अजून मूठच भरते. पट्टीवर खेळायला सहा ठिपक्यांचा नेहमीचाच फासा घेऊ, की तीनपर्यंतचा घरी करू?