विषय: रविवारचा ड्राफ्ट: लायन्सचे किती घ्यावेत?

ट्रॉयहून, सोमवार, १९ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या अमेरिकन फुटबॉलच्या (एनएफएल) फँटसी लीगमध्ये यंदा पहिल्यांदाच उतरतोय. आळीपाळीने खरे खेळाडू निवडायचे (हाच ड्राफ्ट) आणि मैदानातल्या त्यांच्या खेळावर आपले गुण. पुण्याहून इथे मिशिगनला येऊन दोन वर्षं झाली. आयपीएलच्या वेळी ड्रीम इलेव्हनवर संघ लावायची सवय आहे, पण तिथे रोज नवा डाव. इथे एकदा निवडलेला खेळाडू हंगामभर आपला आणि तो दुसऱ्या कुणालाच मिळत नाही, हे परवाच्या कॉलवर नीट समजलं.

चिठ्ठीत माझा नववा नंबर आलाय. बारा संघ आहेत आणि दर फेरीला क्रम उलटतो, म्हणजे माझ्या पाळ्या ९, १६, ३३, ४०, ५७, ६४ अशा येतात. कॅचला पूर्ण एक गुण आहे.

जानेवारीतले प्लेऑफचे सामने शेजाऱ्यांकडे बसून बघितले आणि तेव्हापासून मी इथल्या संघाचा, डेट्रॉईट लायन्सचा झालो. मनात येतंय की पहिल्या सहा पाळ्यांत चार तरी लायन्स घ्यावेत. हे शहाणपणाचं आहे का? जाणत्यांनी सांगावं.

नोव्हायहून, सोमवार रात्री

चिरंजीव,

लायन्सचा झालास हे वाचून फार बरं वाटलं. मी १९९६ पासून या संघाबरोबर आहे. २००८ मध्ये सोळाच्या सोळा सामने हरलो तेव्हाही होतो, आणि यंदा १४ जानेवारीला रॅम्सला २४-२३ ने हरवलं तेव्हा फोर्ड फील्डमध्ये वरच्या मजल्यावर मुलीबरोबर उभा होतो. प्लेऑफमधला त्याआधीचा विजय जानेवारी १९९२ मधला, म्हणजे माझ्या इथे येण्याच्याही आधीचा. शेवटी आपल्या क्वार्टरबॅकने, म्हणजे बॉल फेकणाऱ्या गॉफने, रिसीव्हर (पुढे धावून बॉल झेलणारा) अमन-रा सेंट ब्राउनकडे बॉल टाकला आणि सामना आपला झाला, तेव्हा शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही.

आता ड्राफ्टचं. नुसती नावं बघून पाळी खर्च करू नकोस. त्या नावांच्या पुढे उभ्या असणाऱ्या पाच जणांकडे, म्हणजे वाट मोकळी करून देणाऱ्या लाइनकडे बघ. टेलर डेकर, फ्रँक रॅगनाउ, पेनेई सूएल ही माणसं फँटसीच्या यादीत नसतात, त्यांना एकही गुण मिळत नाही. पण बाकीच्यांचे गुण यांच्याच जिवावर आहेत. पुढचा सामना लागला की बॉल सोडून दे आणि फक्त ५८ नंबरवर नजर ठेव. तो सूएल, ३३५ पौंडांचा गडी. बॉल निघताच तो आपली जागा सोडून बाहेरच्या बाजूला धावत सुटतो आणि त्याच्या पाठीला लागून बॉल घेऊन पळणारा गिब्ज निघतो. समोरच्या कॉर्नरबॅकला (कडेला बचाव करणाऱ्याला) गिब्ज दिसतच नाही, फक्त सूएल दिसतो. याच लाइनमधला जोना जॅक्सन रॅम्सकडे गेला खरा, पण ती उणीव भरायला केव्हिन झाइटलरसारखा मुरलेला माणूस आणलाय. शिवाय डावपेच आखणारा बेन जॉन्सन जानेवारीत दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक होईल अशी सगळ्यांना धास्ती होती, तो इथेच राहिला. माझ्या हिशेबात यंदाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच. खेळाडू तेच, लाइन जवळपास तीच आणि डोकंही तेच, असं फार थोड्या संघांचं आहे.

आणखी एक, डेट्रॉईटकरांनी विसरू नये असं. २०२१ मध्ये आपला तेव्हाचा क्वार्टरबॅक स्टॅफर्ड याला रॅम्सकडे पाठवलं तेव्हा गावात अनेकांनी हळहळ व्यक्त केली. त्या एका व्यवहारात गॉफ आला, वर एनएफएलच्या ड्राफ्टमधले (नवे खेळाडू निवडण्याचे) पहिल्या फेरीचे दोन पिक आले. त्या पिकांची पुढे अदलाबदल होत होत जेमिसन विल्यम्स, जमीर गिब्ज आणि सॅम लापोर्टा असे तिघे हाती लागले. तू ज्यांची नावं यादीत बघतोयस त्यातली चार एकाच सौद्यातली आहेत.

आता एकेक. अमन-रा नवव्या पाळीपर्यंत उरला तर डोळे मिटून घे. गेल्या वर्षी ११९ कॅच, १,५१५ यार्ड, १० टचडाउन (बॉल गोलरेषेपलीकडे नेणं). आपल्या लीगमध्ये नुसत्या कॅचचेच ११९ गुण झाले. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये तो ११२ वा निवडला गेला. त्याच्या आधी घेतलेल्या १६ रिसीव्हरांची नावं त्याला क्रमाने तोंडपाठ आहेत. सराव संपल्यावर यंत्रातून सुटणारे २०२ बॉल तो झेलतो, मगच घरी जातो. अशा माणसाचे आकडे एका वर्षात घसरत नाहीत.

गॉफबद्दल मात्र हात आखडता घे. ४,५७५ यार्ड आणि ३० टचडाउन हे आकडे उत्तमच आहेत. पण आपल्याकडे पासच्या टचडाउनला चार गुण आणि पळून केलेल्याला सहा. बफेलोच्या क्वार्टरबॅकने, जॉश ॲलनने, गेल्या वर्षी पळून १५ टचडाउन केले, म्हणजे ९० गुण तिथेच. गॉफचे असे दोनच होते. तो दहाव्या फेरीच्या आसपास मिळाला तर घ्यावा, सहाव्या फेरीत नाही.

पाळी खर्च करायचीच तर ती गिब्जसारखाच बॉल घेऊन पळणाऱ्या डेव्हिड माँटगोमेरीवर कर. गोलरेषेजवळ दोन-तीन यार्ड उरले की बॉल त्याच्याच हातात जातो. १४ सामन्यांत १,०१५ यार्ड, १३ टचडाउन. तो तुला ५७ किंवा ६४ ला मिळेल. गिब्जसाठी दुसऱ्या फेरीतली पाळी घालवावी लागेल आणि त्याचं हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) सध्या दुखावलेलं आहे.

कँटनहून, मंगळवार

काका, नमस्कार.

फोर्ड फील्डचं वाचून अंगावर काटा आला. आम्ही त्या रात्री घरी होतो, मुलांनाही झोपवलं नाही. पण गिब्जच्या बाबतीत मला तुमचं पटलं नाही, म्हणून लिहिते.

दोघांचे गेल्या वर्षीचे आकडे शेजारी शेजारी मांडले. पळून आणि झेलून मिळून गिब्जचे १,२६१ यार्ड आणि ११ टचडाउन. माँटगोमेरीचे १,१३२ यार्ड आणि १३ टचडाउन. कॅचचे गुण बाजूला ठेवले तर गिब्ज १९२ आणि माँटगोमेरी १९१. म्हणजे बरोबरीच म्हणायची. फरक पडतो तो कॅचमध्ये: गिब्जचे ५२, माँटगोमेरीचे १६. छत्तीस गुणांचा हा फरक आपल्या लीगमध्ये आहे, कॅचला गुण न देणाऱ्या लीगमध्ये तो जवळजवळ शून्य.

तुम्ही म्हणाल, छत्तीस गुणांसाठी चार फेऱ्या आधी कशाला घ्या? कारण ते त्याचं पहिलंच वर्ष होतं आणि सुरुवातीला त्याला बॉल मोजकाच मिळत होता. ऑक्टोबरच्या शेवटी माँटगोमेरी दुखापतीमुळे बाहेर होता, त्या सोमवारी रेडर्सविरुद्ध गिब्ज २६ वेळा पळाला आणि १५२ यार्ड काढले. त्या रात्रीनंतर त्याला कमी बॉल द्यावा असं कुणालाच वाटलं नसेल. मी तर त्याला १६ व्या पाळीला नक्की घेतलं असतं.

लापोर्टाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून मीच लिहिते. गेल्या वर्षी आपली लीग मी जिंकले ती बरीचशी त्याच्यामुळे. ८६ कॅच हा नवख्या टाइट एन्डचा (लाइनच्या टोकाला उभा राहून झेलही घेणारा) तेव्हाचा विक्रम, ८८९ यार्ड, १० टचडाउन. पण मला तो शेवटून दुसऱ्या फेरीत मिळाला होता, कारण तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं. यंदा तो तिसऱ्या फेरीतच जातोय. टाइट एन्डला दोन वर्षं सलग दहा-दहा टचडाउन क्वचितच मिळतात. गुण तेवढेच राहिले तरी माझा नफा गेला, कमी झाले तर तोटा. ३३ व्या पाळीला एखादा चांगला रिसीव्हर घ्यावा आणि लापोर्टाचा मोह टाळावा, असं मला मनापासून वाटतं. मला तो फार आवडतो, तरीही.

नोव्हायहून, मंगळवार रात्री

ताई,

१९२ आणि १९१ हे मी कधी मांडूनच बघितलं नव्हतं. हिशेब पुन्हा करून पाहिला, बरोबर आहे. मान्य करतो: पूर्ण गुणाच्या लीगमध्ये १६ व्या पाळीला गिब्ज घेणं चुकीचं नाही. हॅमस्ट्रिंगची बातमी मात्र रविवारी सकाळी पुन्हा बघावी.

आणि चिरंजीव, गिब्ज घेतलास तर पहिल्या दोन आठवड्यांत घाबरू नकोस, हे कळकळीने सांगतो. १९९७ मध्ये आमच्या ऑफिसात कागदावर लीग चालायची. पेपरातले आकडे बघून मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत पेन्सिलने गुण मांडायचो. माझ्याकडे लायन्सकडून पळणारा बॅरी सँडर्स होता. पहिल्या सामन्यात ३३ यार्ड, दुसऱ्यात २०. मला वाटलं वय झालं त्याचं. शेजारच्या क्यूबिकलमधल्याला त्याला देऊन मी एक रिसीव्हर घेतला. त्यानंतरच्या चौदाच्या चौदा सामन्यांत बॅरीने शंभरच्या वर यार्ड काढले आणि वर्षअखेर २,०५३ वर गेला. ते गुण दर मंगळवारी माझ्याच हाताने मी दुसऱ्याच्या रकान्यात मांडले. आजही तो कागद डोळ्यांपुढे येतो.

छताचं सांगायचं राहिलं. लायन्सच्या १७ सामन्यांपैकी उघड्या आभाळाखाली यंदा तीनच आहेत: ग्रीन बे, शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को. बाकी घरचे नऊ फोर्ड फील्डमध्ये, आणि मिनेसोटा, डॅलस, ह्यूस्टन, इंडियानापोलिस, ॲरिझोना इथे छत आहे किंवा ओढून घेता येतं. गॉफसाठी ही मोठी जमेची बाजू. पण त्या तीन सामन्यांपैकी दोन नेमके कुठे पडलेत बघ. आपल्या लीगचे प्लेऑफ १५, १६ आणि १७ व्या आठवड्यात आहेत. पंधराव्यात बफेलो घरी. सोळाव्यात, २२ डिसेंबरला, शिकागो. सतराव्यात, ३० डिसेंबरला, सॅन फ्रान्सिस्को. गेल्या डिसेंबरात शिकागोला २८-१३ ने हरलो, तेव्हा गॉफने दोनदा बॉल त्यांच्या हातात दिला होता. लीगचा अंतिम सामना लायन्सच्या भरवशावर जिंकायचा बेत असेल तर गॉफ एकटा पुरणार नाही, दुसरा क्वार्टरबॅक बाकावर ठेव. थंडी-वाऱ्यात पळणाऱ्यांचंच पारडं जड असतं, म्हणून गिब्ज-माँटगोमेरीपैकी एक हवाच.

पाचव्या आठवड्यात लायन्सना सुट्टी आहे. चार लायन्स घेतलेस तर त्या आठवड्यात चार जागा रिकाम्या.

आणि हे खास आपल्या लीगपुरतं: बाराच्या बारा जण मिशिगनमध्ये राहणारे, सगळे लायन्सवाले. त्यामुळे इथे लायन्सचा भाव नेहमीच एक फेरी चढा असतो. अमन-रा तुझ्यापर्यंत पोचेलच असं नाही. नाही पोचला तर त्याची भरपाई म्हणून लापोर्टावर झडप घालू नकोस, ताईंचं ऐक. ज्यांच्याकडे बाकीचे बघत नाहीत तेच घे. जॉश रेनॉल्ड्स डेन्व्हरला गेला, त्याचे ४० कॅच आणि ६०८ यार्ड कुणाला तरी मिळणारच. माझ्या मते त्यातले बरेचसे जेमिसन विल्यम्सकडे जातील. गेल्या वर्षी २४ कॅच आणि ३५४ यार्डच होते, सुरुवातीचे चार सामने तो निलंबित होता. पण त्याच्याइतका वेग या संघात कुणाकडे नाही. नवव्या फेरीत मी त्याला घेणार, हे आधीच जाहीर करतो.

किकरसाठी (बॉलला लाथ मारून गुण मिळवणारा) जेक बेट्स. आधीचा किकर बॅजली दुखापतीने हंगामाबाहेर गेला. बेट्स काही काळ विटा विकण्याचं काम करत होता, मग या वसंतात मिशिगन पँथर्स या दुसऱ्या लीगमधल्या संघाकडून फोर्ड फील्डमध्येच ६४ यार्डांची किक मारली. शेवटच्या फेरीत घ्यावा. त्याच छताखाली आता तो लायन्ससाठी उभा राहील, ते बघायला मला आवडेल.

ट्रॉयहून, बुधवार

काका, ताई, मनापासून आभार. दोघांच्या मेल छापून ठेवल्यात.

आता बेत असा: ९ ला अमन-रा असेल तर तो, नसेल तर जो सर्वांत चांगला रिसीव्हर उरेल तो. १६ ला गिब्ज, रविवारची बातमी ठीक असली तर. ३३ आणि ४० ला लायन्स नाही. ६४ पर्यंत माँटगोमेरी राहिला तर तोही घेईन, म्हणजे गिब्ज दुखावला तरी बॉल माझ्याच घरात राहील. विल्यम्स काकांना सोडला. गॉफ नाही. आज सकाळी गेल्या मोसमातल्या सामन्याचे तुकडे लावून ५८ नंबरकडे बघत बसलो. चार वेळा मागे नेऊन बघितलं, तेव्हा कुठे तो जागेवरून कधी निघतो ते दिसलं.

फार्मिंग्टन हिल्सहून, बुधवार संध्याकाळ

सर्वांना,

ड्राफ्ट रविवारी, २५ तारखेला, दुपारी चार वाजता आमच्या बेसमेंटमध्ये. प्रत्येक पाळीला दीड मिनिट. लॅपटॉप चार्ज करून आणा, खाली प्लग दोनच आहेत. दुसऱ्या दिवशी गोकुळाष्टमी असल्यामुळे आमच्याकडे त्याचीही तयारी चालू असेल, तेव्हा सातपर्यंत आटपायचं आहे.

लायन्सचा पहिला सामना रविवार, ८ सप्टेंबरला रात्री ८:२० ला, फोर्ड फील्डमध्ये, रॅम्सविरुद्धच. शनिवारी घरोघरी गणपती बसतील. ज्यांच्याकडे दीड दिवसाचे आहेत त्यांनी रविवारी विसर्जन आटपून सरळ आमच्याकडे यावं, उकडीचे मोदक आणि टीव्ही दोन्ही आहेत. संघात कोण खेळवायचं ते मात्र दुपारी एकच्या आधी ठरवून ठेवा, कारण तेव्हा रविवारचे पहिले सामने सुरू होतात आणि त्यातल्या खेळाडूंच्या जागा मग बदलता येत नाहीत.