बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन लांबतंय, पण ते मनाने आत्ताच खचलेत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ५८ वर्षांचे, आम्ही लालबागला राहतो. शुगर खूप आधीपासून. दादरला एका टेलरकडे कटिंग मास्टर होते. गणपतीनंतर उजव्या डोळ्यात रक्त उतरलं, पडद्याचं ऑपरेशन सांगितलंय, डाव्याने आधीपासूनच धुरकट दिसायचं. तारीख मिळते, मग तपासणीत शुगर वाढलेली निघते की झालं, पुढची तारीख. आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की पडदा किती खराब झालाय त्यावर ठरेल, नजर पहिल्यासारखी होईलच असं नाही. हे बाबांनी स्वतः ऐकलंय. तरी घरी येणारा प्रत्येक जण "ऑपरेशन झालं की ठणठणीत" म्हणतो आणि वर "मी कोण, ओळखा बरं" किंवा "ही बोटं किती?" असली परीक्षा घेतो. डोकं फिरतं माझं. बाबा हसून काहीतरी उत्तर देतात आणि मग दिवसभर बोलत नाहीत.

आता दारावर कोणी आलं की उठून आतल्या खोलीत जातात. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवतात, ते आईने बघितलं की कप खालीच ठेवून देतात. रात्री जागे असतात, जेवण अर्धवट, चालणं बंद. चालणं बंद म्हणून शुगर वाढते, शुगर वाढली की तारीख जाते, तारीख गेली की अजून खचतात. नॅबबद्दल (अंधांसाठी काम करणारी संस्था) बोलले तर "मी काय आंधळा झालोय का?" म्हणून ओरडले. म्हणजे धड दिसत नाही आणि दिसत नाही असं म्हणायचंही नाही, असं मध्येच अडकलेत.

गेल्या आठवड्यात आईला म्हणाले भिंतीजवळ लहान मुलं उभी असतात, बोलत नाहीत, मला माहितीये खरी नाहीत, पण पोरीला सांगू नको, वेड लागलं म्हणेल. आणि परवा म्हणाले, "असं जगण्यापेक्षा सुटलेलं बरं."

ऑपरेशनपर्यंत थांबायचं की आत्ताच मानसोपचारवाल्यांकडे न्यायचं? त्यांच्या गोळ्यांनी ऑपरेशनला अडचण येईल का?

कट्टेकरी: ताई, एवढं घाबरू नका. रोज संध्याकाळी हरिपाठ लावा, मन रमेल. सायकियाट्रिस्टच्या काही गोळ्यांची सवय लागते.

मोतीबिंदूवाला: हरिपाठ जरूर लावा, पण 'सुटलेलं बरं' म्हणणाऱ्या माणसाला एवढ्यावर सोडू नका. ताई, थांबू नका. आज त्यांना सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, इन्सुलिन आणि गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मुलं दिसतात त्याबद्दल: नजर खूप कमी झाली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो, चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात त्याला. बॉनेट नावाच्या स्विस माणसाने १७६० मध्ये आपल्या आजोबांचा असाच अनुभव लिहून ठेवला होता. हे वेड नाही, बाबांना तसं सांगा, माझ्या मामांना नुसतं हे कळल्यावरच निम्मं हलकं वाटलं होतं. मुलं दिसली की लाइट लावायचा, नजर इकडून तिकडे फिरवायची, बऱ्याचदा जातात. पण आवाज ऐकू यायला लागले किंवा अचानक बरळायला लागले तर वेगळं कारण असू शकतं, आधी शुगर बघा. जेवण टाळून इन्सुलिन किंवा गोळी चालू असेल तर शुगर एकदम खाली जाते, हे फार लोक विसरतात.

गोळ्यांचं म्हणाल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवा. काचबिंदूचा धोका असलेल्या काही डोळ्यांत काही डिप्रेशनच्या गोळ्यांनी प्रेशर वाढू शकतं, म्हणून विचारून घ्यायचं, बाकी त्यासाठी इलाज लांबवायचा नाही. केईएम, सायन, नायर तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे, केईएम तर तुमच्या हाकेवर.

आणि 'ठणठणीत होईल' म्हणणाऱ्यांना दारातच थांबवा. आईंना सांगा, चहा त्यांनाच ओतू दे.

धागाकर्ती: खूप आभार दादा. रात्री विचारलं. आधी चिडले, मग म्हणाले विचार येतो पण करणार काही नाही. इन्सुलिन माझ्याकडे घेतलंय, आई जवळच झोपली, आणि आज सकाळीच केईएमला निघतोय. मुलांचं सांगितल्यावर "त्या आजोबांना पण मुलंच दिसायची का?" असं विचारलं, बऱ्याच दिवसांनी स्वतःहून काहीतरी विचारलं.

एकच राहिलं. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे सगळं बाबांसमोर सांगू की आधी चिठ्ठी आत पाठवू? तिथे गर्दीत दोन मिनिटं मिळतात आणि बाबा "मी बरा आहे" म्हणून उठतात. कोणी केलंय का असं?