पेत्र पंगतीतून उठला, त्यात पौल एवढा का भडकला?

रात्रपाळीवाला: बायबलमधल्या गलतीकरांस पत्राचा, म्हणजे पौलाने लिहिलेल्या पत्राचा, दुसरा अध्याय वाचत होतो. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांसोबत (म्हणजे बिगरज्यूंसोबत) मस्त जेवत असतो, मग यरुशलेमच्या मंडळीतल्या पुढारी याकोबाकडून काही माणसं येतात आणि हा हळूच मागे सरतो, तर पौल त्याला सगळ्यांसमोर झापतो. सगळे ख्रिश्चनच होते ना? मग ज्यू-बिगरज्यू मध्येच कुठून आलं?

जुनीपोथी: 'सगळे ख्रिश्चनच' इथेच गाडी घसरतेय बघ. पौलाच्या पत्रांत ख्रिस्ती हा शब्द एकदाही येत नाही, तो स्वतःला बन्यामीन वंशातला इस्राएलीच म्हणवतो. धर्म बदलला असं त्याच्या डोक्यातही नव्हतं, आपला मशीहा, म्हणजे ज्यू ज्याची वाट बघत होते तो तारणारा, आला एवढंच. भांडण होतं की येशूला मानणाऱ्या ग्रीकाने आधी सुंता करून ज्यू व्हायचं का? यरुशलेमात साधारण इ.स. 49 ला बैठक झाली त्यात ठरलं, सुंतेची सक्ती नको, पण मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस आणि जारकर्म टाळा. जेवायला एकत्र बसायचं का ते मात्र त्यात स्पष्ट नाही.

कोकणीमेवा: आणि पंगत म्हणजे काय हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला हवं का 😄 त्यात तेव्हा प्रभुभोजन म्हणजे आताच्यासारखा भाकरीचा तुकडा नि एक घोट नव्हता, पोटभर जेवणच असायचं, म्हणजे ताट वेगळं झालं की मंडळीच दोन झाली. पौलाचा जोडीदार बर्णबासुद्धा पेत्राच्या मागे गेला, पौलाला ते जास्त लागलं असणार.

शंकासुर: पण पौल तरी कुठे सरळ होता, त्याचा सहकारी तीत याची सुंता होऊ दिली नाही म्हणून मिरवतो आणि बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात दुसऱ्या सहकाऱ्याची, तीमथ्याची, स्वतः करवतो!

जुनीपोथी: तीत पूर्ण ग्रीक, तीमथ्याची आई ज्यू. पौलाच्या हिशोबात ज्यूने ज्यू राहावं, ग्रीकाने ग्रीक. दोन्ही तिथे बसतं.

रात्रपाळीवाला: ओके, मग पेत्राने उत्तर काय दिलं?

शंकासुर: पत्रात नाहीच ना! पौल जिंकला असता तर लिहिल्याशिवाय राहिला असता का, मला तर वाटतं हरला. पुढच्या प्रवासाला बर्णबा त्याच्यासोबत नाही, सीला आहे. कृत्यांत कारण मार्क या सोबत्याला न्यायचं की नाही यावरून झालेल्या वादाचं दिलंय, पण ते ताट आठवतच असेल की दोघांना.