शनिवार-रविवार कोल्हापुरात: नाटक, सिनेमा आणि गाणं, तिन्ही जमेल का?

गडहिंग्लजची_पूर्वा
नमस्कार मंडळी. हुबळीची माझी आत्या पुढच्या आठवड्यात येतेय. वय अडुसष्ट, नाट्यसंगीत शिकलेली, गुडघे जरा कुरकुरतात. तिला दोन दिवस कोल्हापूर दाखवायचं आहे, पण देवळं आणि खरेदी नको म्हणते. नाटक, सिनेमा आणि गाण्याची एखादी बैठक, एवढंच मागणं आहे. मी ठरवलंय ते असं: शनिवारी दुपारी मल्टिप्लेक्सला मराठी सिनेमा, रात्री मुंबईहून आलेलं नाटक, रविवारी संध्याकाळी मैदानावरचा मोठा गाण्यांचा कार्यक्रम. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागल्यापासून मी तिकडं फिरकलेलीच नाही, त्यामुळं सध्या काय कुठं चालतं ते माहीत नाही. जाणकारांनी सांगावं.

रंकाळ्याचा_वारा
मैदानावरचा कार्यक्रम आत्यांना झेपणार नाही. पार्किंग लांब, खुर्च्या प्लास्टिकच्या, शिवाय डिसेंबरात रात्री गार वारं सुटतंय. बाकी बेत झकास.

लाइटवाला_मंगळवारपेठ
पूर्वाताई, मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळं मनापासून सांगतो. मल्टिप्लेक्सचा सिनेमा काढून टाका, तो हुबळीतही बघता येईल. मुंबईचं नाटकही राहू द्या. सध्या राज्य नाट्य स्पर्धेची आपल्या केंद्रावरची फेरी चालू आहे. रोज एक नवा संघ, नवं नाटक, तिकीट नाममात्र. शनिवारची संध्याकाळ तिथं घालवा.

दिवसभर शाळेत शिकवून किंवा दुकान सांभाळून आलेली माणसं तिथं उभी राहतात. सकाळी टेम्पोतून सेट येतो, आदल्या संघाच्या फळ्या निघतात न निघतात तोवर यांचे खिळे सुरू. आम्हाला लाइट लावायला दुपारचे जेमतेम काही तास. परवा एका संघाचं बघत होतो. अंधारात आईच्या फक्त हातांवर स्पॉट हवा होता आणि ती बाई दर वेळी वीतभर पुढं बसायची. शेवटी दिग्दर्शकानं जमिनीवर खडूनं फुली मारली. प्रयोगात ती अंधारातून चालत आली, खाली न बघता बरोबर फुलीवर बसली आणि मुलाचं पत्र उघडलं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. आत्यांना हे दाखवा. तिसरी घंटा वेळेवर होते, तेव्हा पंधरा मिनिटं आधी पोचा आणि कडेच्या खुर्च्या धरा. प्रयोग कुठल्या सभागृहात आहे ते त्या दिवशीच्या पेपरात बघून घ्या.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत खासबागेकडं या. केशवराव नाट्यगृह तिथंच आहे, त्याचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ साली सुरू झालं, तेच हे. आग लागली ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, दुसऱ्या दिवशी, ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायक-नट केशवराव भोसल्यांची जयंती. त्या रात्री रस्त्यावर उभी असलेली मोठमोठी नट मंडळी रडत होती, मीही रडलो. माझा पहिला डिमर, म्हणजे लाइट कमी-जास्त करायचं यंत्र, मी तिथंच हाताळला होता. आत्या हुबळीच्या आहेत ना? केशवरावांनी आपली ललितकलादर्श नाटक मंडळी १९०८ साली हुबळीतच काढली. त्यांना इथं आणल्याशिवाय परत पाठवू नका.

तिथून जवळच गायन समाज देवल क्लब आहे, १८८३ पासूनची संस्था. त्यांच्या बैठकीची चौकशी आधी करून ठेवा. दीड-दोनशे माणसांत, तंबोऱ्याच्या जवळ बसून ऐकलेलं गाणं मैदानावरच्या भोंग्यातून ऐकू येत नाही. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब दरबारगायक म्हणून याच गावात राहिले, त्यामुळं त्या घराण्याचं गाणं इथल्या कानांना सवयीचं आहे.

आणि सिनेमा? त्यासाठी खरी कॉर्नरला जा, तिथं कॅमेऱ्याचं स्मारक आहे. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर, त्यांनी स्वतः कॅमेरा बनवला तो याच गावात. प्रभात फिल्म कंपनीही १९२९ साली इथंच निघाली, पुण्याला नंतर गेली. आत्या ‘मानापमान’ या संगीत नाटकाची पदं म्हणत असतील तर त्यांना गोविंदराव टेंब्यांचं सांगा. त्या पदांना चाली त्यांच्या, आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्रही तेच. देवल क्लबात वाढलेला माणूस, नाटकात संगीत आणि बोलपटात नायक! तुम्ही तीन कार्यक्रम शोधताय, आमच्या गावात ते एकाच माणसात सापडतात.

रंकाळ्याचा_वारा
लाइटवाले, पटलं. फक्त एक भर. दसरा चौकातल्या शाहू स्मारकात फिल्म सोसायटीचे खेळ होतात. रविवारी काही असेल तर तो सिनेमा जरूर बघा, नंतर बाहेर चर्चा रंगते.

गडहिंग्लजची_पूर्वा
आत्याला सगळं फोनवर वाचून दाखवलं. हुबळीचं ऐकून ती म्हणाली, “अगं, माझ्या गुरुजींनी केशवरावांचं नाव कान धरूनच घेतलं.” मैदानाची तिकिटं काढली नव्हती, बरंच झालं. लाइटवाले दादा, शनिवारी तुमच्याकडं कुठलं नाटक आहे का?

लाइटवाला_मंगळवारपेठ
शनिवारी माझं काम नाही, पण मी प्रेक्षकांत असणारच. रविवारी मात्र आमचं नाटक आहे. आत्यांचा मुक्काम एक रात्र वाढवता आला तर बघा. पुढच्या दोन खुर्च्या मी सांगून ठेवतो, पायऱ्या चढायला लागणार नाहीत.