500 वॉटच्या अँप्लिफायरला वायर कुठली? 4 गेज की 8 गेज?

मांद्रेकर
नमस्कार मंडळी. माझ्या स्विफ्टच्या डिकीत सबवूफर आणि 500 वॉट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणारी ताकद) क्लास-डी अँप्लिफायर बसवायचाय, जमल्यास चवथीआधी. बॅटरी बॉनेटखाली, म्हणजे वायर साधारण 5 मीटर लागेल. म्हापशात एका दुकानात ‘4 गेज, 2000 वॉट’ छापलेलं किट स्वस्तात मिळतंय. दुसरा दुकानदार म्हणतो 8 गेज पुरे. घर समुद्राला लागून, गाडी उघड्यावरच असते. अँप्लिफायरला 30-30 अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. काय घेऊ?

साखळीकर
माझ्याकडे 300 वॉटला 8 गेज आहे, मस्त चाललंय. उगाच खर्च कशाला?

फोंड्याचा वायरमन
साखळीकर, तुमच्या 300 वॉटला ते ठीकच आहे. मांद्रेकरांचं गणित वेगळं. गेजचा आकडा लहान तेवढी वायर जाड, हे आधी ध्यानात घ्या. क्लास-डी 80 टक्के कार्यक्षम धरला तरी 500 वॉट द्यायला तो बॅटरीकडून सव्वासहाशे वॉट ओढणार. इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्ट धरा, म्हणजे भर आवाजात 45 अँपिअरच्या आसपास. 5 मीटर अस्सल तांब्याच्या 8 गेजमध्ये तेवढ्या करंटला जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच जातो, 4 गेजमध्ये 0.2 व्होल्टसुद्धा जात नाही. तेव्हा 4 गेजच घ्या.

पण पुड्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. खऱ्या 4 गेजचा छेद 21 चौरस मिलिमीटर असतो. स्वस्त किटात वरचं प्लास्टिकच जाड आणि आत तारा मोजक्या, असं सर्रास दिसतं. वर त्या तारा सीसीए, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीला ती तांब्याच्या साठ-पासष्ट टक्केच वीज वाहते. दुकानातच टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियम. बाहेरून चंदेरी आणि आत लाल निघाली तर कथील चढवलेलं तांबं, आणि मांद्र्याला मी तेच घ्यायला सांगेन. बोटींमध्ये तीच वायर वापरतात, कारण खाऱ्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं. किनाऱ्यावरच्या गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा लगचं (वायरीच्या टोकाला बसवतात त्या धातूच्या कडीचं) टोपण काढलं की आत हिरवट भुकटी, सीसीए असेल तर पांढरी, आणि तार बोटाने चिमटली तरी तुटते. गिऱ्हाईक मात्र अँप्लिफायर जळला म्हणून आलेलं असतं!

लग चांगल्या क्रिम्परने दाबून घ्या, पक्कडीने चेपू नका. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी.

मांद्रेकर
मनापासून आभार. फ्यूज किती आणि कुठे? अर्थिंग सीटबेल्टच्या बोल्टला दिलं तर चालेल? आणि एक मित्र वेल्डिंग केबल वापर म्हणतोय.

फोंड्याचा वायरमन
सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका, तो जीव वाचवायला आहे. डिकीत पत्र्याची जाड जागा शोधा, काचपेपरने रंग पार घासून चकचकीत धातू काढा, नटबोल्टाने लग घट्ट आवळा आणि मग वरून रंग मारा. आपल्या पावसाळ्यात उघडा पत्रा लगेच गंजतो. अर्थिंगची वायरही 4 गेजच, अर्धा मीटरच्या आत.

फ्यूज 60 किंवा 80 अँपिअरचा, बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत. तो वायरीसाठी असतो. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर वायर घासून शॉर्ट झाली तर अँप्लिफायरवरचे फ्यूज काहीच करू शकत नाहीत, आग लागते. म्हणून वायर त्या पत्र्यातून जाते त्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाची कड झाकणारी कडी) हवाच.

वेल्डिंग केबल तांब्याची असेल तर चालते. बारीक तारांची, लवचिक असते. 25 चौरस मिलिमीटर मागा, तांब्याचीच आहे ना ते खरवडून बघा, आणि इंजिनच्या बाजूला वरून गाडीची जाळीदार स्लीव्ह चढवा.

साखळीकर
आरसीए केबल (स्टिरिओकडून अँप्लिफायरला आवाजाचा सिग्नल नेते ती) पॉवर वायरीच्या शेजारून नेऊ नका हं. मी दोन्ही एकाच बाजूने नेलेली गाडी ऐकली आहे, ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुईंऽऽ असा आवाज चढत जायचा.

फोंड्याचा वायरमन
बरोबर. पॉवर ड्रायव्हरच्या बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस काढा, फ्यूज सगळ्यात शेवटी लावा.