आग्यामोहोळ पेटीत का पाळता येत नाही?

मुलुंडकर८१
आमच्या मुलुंडच्या इमारतीत नवव्या मजल्याच्या छज्जाखाली दिवाळीनंतर आग्यामोहोळ लागले असून आता ते चांगले हातभर लांब झाले आहे. सोसायटीच्या सभेत फवारणीचा विषय निघाला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी सुचवले की माणूस हजारो वर्षे मधमाश्या पाळत आला आहे, तर मधपाळाला बोलावून हे मोहोळ पेटीत भरावे आणि गच्चीवर ठेवावे. सभेत हशा पिकला, पण आपण का हसलो हे एकालाही सांगता आले नाही. म्हणून विचारतो की यात नेमकी अडचण काय आहे, आणि आपल्या देशात मधमाश्या खरोखर पाळल्या जात होत्या, की केवळ लुटल्या जात होत्या?

जावळीचा_नातू
अडचण माशीच्या स्वभावात आहे. आग्या माशी उघड्यावर, उजेडात, एकच मोठे पोळे बांधते आणि ऋतू बदलला की सगळा संसार सोडून निघून जाते. तिला पेटीत कोंडले तर ती टिकत नाही. सातेरी ही आपली दुसरी, लहान देशी माशी मात्र झाडाच्या ढोलीत, वारुळात, भिंतीच्या पोकळीत, म्हणजे अंधारात, एकापुढे एक अशी समांतर पोळी लावते. सातेक पोळी असतात म्हणून सातेरी, असे आमच्याकडे सांगतात. ढोलीत राहणाऱ्या माशीला लाकडी पेटी ही दुसरी ढोलीच वाटते. जी माशी पाळली गेली, ती अशी आधीपासूनच घरात राहणारी होती.

माझे आजोबा गिरणीतून निवृत्त होऊन गावी गेल्यावर त्यांनी सातेरीच्या चार पेट्या ठेवल्या होत्या. झाकण उघडण्यापूर्वी ते धुरकांड्यातून दोन-तीन फुंकर मारत आणि मग पोळे लागलेली लाकडी चौकट इतक्या सावकाश वर उचलत की माश्यांना ती हलल्याचे कळूही नये. धुरामुळे माश्यांचा धोक्याचा वास दबतो आणि त्या पोटभर मध पिऊन सुस्तावतात, हे मला पुष्कळ पुढे समजले. त्या काळी मला एवढेच ठाऊक होते की पेटीजवळ केळे खायचे नाही. माशी डंख मारते तेव्हा सुटणाऱ्या वासातला एक घटक पिकल्या केळ्यातही असतो.

लेणीवेडा
प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी लिहितो. पचमढीच्या शैलचित्रांत शिडी लावून मोहोळाचा मध काढणारी माणसे दिसतात; ती लूटच होय. मात्र ती आपल्यापुरती नव्हती, कारण स्पेनमधील बिकोर्प येथील गुहाचित्रातही मधाच्या पोळ्यापाशी लोंबकळणारी आकृती आहे. पाळण्याचा स्पष्ट पुरावा इजिप्तमध्ये सापडतो: इ.स.पू. २४०० च्या सुमाराच्या, नियुसेर्रे राजाच्या सूर्यमंदिरातील शिल्पपट्टात माश्या पाळण्याच्या, आडव्या रचलेल्या नळ्यांपुढे गुडघे टेकलेला माणूस आणि भांड्यांत मध ओतणारी माणसे कोरलेली आहेत. इस्राएलमधील तेल रेहोव येथे तर माती आणि पेंढ्याच्या नळ्यांची, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, रांगच्या रांग उत्खननात मिळाली.

आपल्याकडे केवळ लूट होती, हे मात्र मला पटत नाही. काश्मीर-हिमाचलात घराच्या भिंतीतच माश्यांसाठी कोनाडा ठेवून आतल्या बाजूने मध काढण्याची जुनी रीत आहे. सुश्रुतसंहितेत माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक असे मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत. माशी ओळखून मध वेगळा करणारे लोक तिच्याकडे नीट पाहत होते, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

खरा पालट १८५१ मध्ये झाला. तोपर्यंत जगभर मध काढायचा म्हणजे पोळे कापायचे, आणि बऱ्याच ठिकाणी वसाहतच मारायची, असाच प्रकार होता. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाच्या ध्यानात आले की सुमारे ९ मिलिमीटरची फट माश्या मोकळी सोडतात. त्याहून अरुंद फट त्या राळेसारख्या पदार्थाने बुजवतात आणि रुंद फटीत नवे पोळे बांधतात. तेवढीच फट राखून चौकटी टांगल्या की त्या चिकटत नाहीत, वर उचलता येतात आणि पोळे न मोडता मध मिळतो. सातेरी आकाराने लहान असल्याने तिच्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण भारतात न्यूटन या मिशनऱ्याने छोटी पेटी बेतली. पुढे १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली, आणि परदेशी मेलिफेरा माशी आपल्याकडे रुजली तीही त्याच दशकात.

मुलुंडकर८१
दोघांचेही आभार. आता एकच शंका उरते: फवारणी टाळायची, तर या मोहोळाचे करायचे काय?

जावळीचा_नातू
शक्य असेल तर काहीच करू नका. पावसाळ्याच्या तोंडाशी ते बहुधा आपणहून उठून जाईल. तोवर त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा, रात्री तिकडचा दिवा लावू नका आणि खाली फटाके वाजवू देऊ नका. काढणे अगदीच भाग पडले, तर प्रशिक्षित माणसाकडून काढून घ्या. आग्याचा मध पोळ्याच्या वरच्या जाड कोपऱ्यात असतो आणि पिल्ले त्याच्या खाली असतात, त्यामुळे जाणकार माणूस तेवढाच कोपरा कापून बाकीचे पोळे जागेवर ठेवू शकतो. मशाल घेऊन येणाऱ्याला मात्र फाटकातूनच परत पाठवा. आणि ज्येष्ठ सभासदांना सांगा की गच्चीवर पेटी ठेवायचीच असेल तर सातेरीची ठेवावी. मुलुंडला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर लागून आहे, त्यामुळे तिला चाऱ्यासाठी फार लांब जावे लागणार नाही.