जिंजरब्रेडच्या घराचे छप्पर घसरू नये म्हणून काय करावे?

प्रश्न
आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. येथे नाताळाआधी अनेक घरांत जिंजरब्रेडचे, म्हणजे सुंठ-मसाल्याच्या बिस्किटाचे, छोटे घर करतात, म्हणून गेल्या वर्षी पाच आणि आठ वर्षांच्या माझ्या मुलींना घेऊन मीही ते करायला बसले. भिंती ओव्हनमध्ये पसरल्या, कडा जुळेनात, आणि बसवलेले छप्पर आमच्या डोळ्यांदेखत घसरत खाली आले. धाकटी तर रडूच लागली. यंदा काय बदलावे? तुकडे चिकटवायच्या आयसिंगमधले कच्चे अंडे मुलींच्या पोटात जावे, हेही मनाला पटत नाही.

प्रतिसाद १
नुसत्या खाण्यासाठीचा जिंजरब्रेड फुगलेला चांगला लागतो, पण घराच्या भिंती फुगून चालत नाहीत, त्यामुळे खायचा सोडा चिमूटभरच घाला किंवा वगळा. मी सुंठ, दालचिनी आणि लवंगेबरोबर काकवी घालते. तिने रंग सुरेख गडद येतो. पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवून बेकिंग पेपरवरच साधारण ५ मिलिमीटर जाड लाटून पुठ्ठ्याच्या साच्याने तिथेच कापावे, कारण कापलेले तुकडे उचलताना ओढले जाऊन वाकडे होतात. १८० अंशांवर भाजून काढल्याबरोबर, ते गरम आणि मऊ असतानाच, तोच साचा पुन्हा वर ठेवून कडा सरळ कापाव्यात. हे काम मोठ्यांनीच करावे. निघालेल्या पट्ट्या मुलींना खायला द्याव्यात.

प्रतिसाद २
छपराचा दोष मला घाईचा वाटतो. दिवाळीच्या किल्ल्याची माती वाळल्याशिवाय आपण वर मावळे ठेवत नसू, तसेच हे आहे. भिंती उभ्या केल्यावर आतून डब्यांचा टेकू देऊन त्या रात्रभर वाळू द्याव्यात आणि छप्पर दुसऱ्या दिवशी बसवावे. आयसिंगसाठी कच्च्या अंड्याऐवजी पाश्चराइज केलेल्या पांढऱ्या बलकाची पावडर घ्यावी. पावडर पाण्यात कालवून झालेल्या ३० ग्रॅम बलकाला १५० ते २०० ग्रॅम पिठीसाखर लागते; चमचा उभा राहील इतके ते घट्ट हवे, आणि भांड्यावर ओले फडके हवेच, नाहीतर वर पापुद्रा धरतो. काहीजण साखरेच्या कढत पाकाने भिंती चिकटवतात, पण तो हाताला लागला तर खोल भाजते, म्हणून मुले जवळ असताना तो नकोच. आणखी एक गोष्ट: भिंती आडव्या असतानाच मुलींना सजवू द्या, म्हणजे गोळ्या ओघळत नाहीत.

प्रश्नकर्ती
दोघींचे मनःपूर्वक आभार. आडव्या भिंती सजवण्याचे मला सुचलेच नव्हते. आता शनिवारी भाजणे आणि भिंती, रविवारी छप्पर, असे ठरवले आहे. मुलींनी एकेक भिंत वाटून घेतली असून धाकटीला तिच्या भिंतीवर आकाशकंदील काढायचा आहे.